लग्नाची डीव्हीडी कुणाच्या मालकीची?

प्रश्न : वकीलसाहेब, आमचं लग्न २००६ सालचं, खानापुरातलं. शूटिंगच्या दोन डीव्हीडी होत्या. इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. एकीला बुरशी धरली, अक्षता पडायच्या आधीच चित्र अडकतं. दुसरीची कॉपी काढायला बेळगावात एका दुकानात गेले, तर ‘शूटिंगवाल्याची परवानगी आणा, कॉपीराइट त्याचा’ म्हणाले. तो परवानगीचे पैसे मागतोय. आणखी एक, विकत घेतलेल्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर घालून कोल्हापूरच्या नणंदेला दिल्या तर चालेल का? महाराष्ट्रात कायदा वेगळा आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, लग्नाच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की, पैसे मोजून कुणाकडून फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक करवून घेणारा. म्हणजे शूटिंग ज्यांनी ठरवलं ते, तुमचे वडील नाहीतर सासरे. (खर्च निम्मा-निम्मा केला असेल तर मालकीचं घरातच मिटवा, मला बोलावू नका.) तेव्हा परवानगी हवीच असेल तर ती घरातल्यांची.

फक्त जुनी पावती शोधा. ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असं छापून खाली सही घेतलेली असेल, तर मामला फिरतो. माझ्या मुलीच्या लग्नातली पावती मी वकील असूनही न वाचता खिशात घातली होती! मूळ टेप जपून ठेवून शूटिंगवाला त्यावरून नवी प्रत काढून देत असेल, तर मेहनतीचे पैसे जरूर द्या. परवानगीचे कशाला?

वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला कलम ५२ मोकळीक देतं. शूटिंगला मागून जोडलेलं गाणं मात्र तुमचं होत नाही. घरात बघा, यूट्यूबवर चढवू नका.

आता सिनेमे. खासगी वापराची सवलत सिनेमांना मिळाली ती २०१२ च्या दुरुस्तीनं. मूळ डीव्हीडी खराब होईल म्हणून एक प्रत कपाटात ठेवली, तर ती माझ्या मते या सवलतीत बसते. बऱ्याच डीव्हीडींना कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं. हक्कभंगाच्या इराद्यानं ते तोडलं तर कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘इरादा’ हा शब्द तिथं महत्त्वाचा. नणंदेला मूळ डीव्हीडी खुशाल बघायला द्या. प्रती काढून वाटल्या की तो तुमचा खासगी वापर राहत नाही.

कायदा केंद्राचा, त्यामुळे कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून बदलत नाही. दोन्ही राज्यांनी मात्र पायरसीचा धंदा करणाऱ्यांना आपापल्या गुंडा कायद्यात ओढलंय. महाराष्ट्रानं २००९ मध्ये, कर्नाटकानं २०१४ मध्ये. तुमच्या नणंदेनं त्याची धास्ती घ्यायला नको.

आणि ती चांगली डीव्हीडी पाहुण्यांना दाखवायला सारखी लावू नका. आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्या, या पावसाळ्याच्या आत.