मायसीनीचा सोन्याचा मुखवटा कोणाचा?

प्रश्न : ग्रीसमधील मायसीनी येथे सापडलेला सोन्याचा मुखवटा ट्रॉयच्या युद्धातील सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याचा आहे, असे मी पूर्वी वाचले होते, माझी नात मात्र तो त्याचा नव्हेच, असे ठामपणे सांगते. तसे असेल, तर मायसीनीची सारी कथाच काल्पनिक मानायची का? तेथील तट राक्षसांनी बांधला, या समजुतीला काही आधार आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नातीचे म्हणणे बरोबर आहे. तरीही हा मुखवटा दंतकथेचा माग काढतानाच सापडला, हे विसरता येत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने लिहून ठेवले होते, की अ‍ॅगमेम्नॉन आणि त्याच्याबरोबर मारले गेलेले साथीदार तटाच्या आत पुरलेले आहेत, तर त्याच्या खुनातील दोषी क्लायटेम्नेस्ट्रा आणि इजिस्थस यांना तटाबाहेर जागा मिळाली. हा तट म्हणजे बालेकिल्ल्याचाच तट, असे मानून हाइन्रिख श्लीमान यांनी १८७६ मध्ये सिंहद्वाराच्या आत खणायला घेतले आणि खडकात खोल खोदलेल्या थडग्यांतून सोन्याचे मुखवटे व काशाच्या तलवारी बाहेर आल्या. जागा अचूक निघाली. चुकली ती ओळख.

ही थडगी तेथील खापरांवरून आणि वस्तूंच्या घडणीवरून इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासची ठरतात. (शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उजेडात आणलेली वसाहतही साधारण त्याच सुमारास वसू लागली होती.) ट्रॉयच्या पाडावाचे परंपरेने मानलेले वर्ष मात्र इ.स.पू. ११८४ आहे. म्हणजे हा चेहरा अ‍ॅगमेम्नॉनचा मानणे, हे आजच्या एखाद्या पुणेकराला शिवछत्रपतींच्या दरबारात उभे करण्यासारखे आहे.

म्हणून कथा निव्वळ काल्पनिक ठरते, असेही नाही. इ.स.पू. १२५० च्या सुमारास बालेकिल्ल्याचा तट वाढवताना ही जुनी थडगी मुद्दाम आत घेतली गेली आणि त्यांच्याभोवती उभ्या शिळांचे कडे रचले गेले. त्या काळातील राज्यकर्ते आपल्याहून तीन शतके जुन्या मृतांना पूर्वजांचा मान देत होते. दंतकथेचे बीज मला येथेच दिसते. मायकल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडलेल्या त्या काळातील लिपीत राजासाठी ‘वनक्स’ हा शब्द येतो, आणि होमरच्या काव्यात अ‍ॅगमेम्नॉनला लावलेली ‘अनक्स’ ही पदवी त्याचेच पुढचे रूप आहे. पदवी खरी होती. त्या नावाचा राजा मात्र कोणत्याही लेखातून अद्याप पुढे आलेला नाही.

तटाचे म्हणाल, तर एवढ्या अजस्र शिळा माणसाला उचलता येणार नाहीत, असे वाटल्याने उत्तरकालीन ग्रीकांनी ते काम सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांच्या नावावर घातले. नाशिकची बौद्ध लेणी आपण पांडवांच्या नावे केली, त्यातलाच हा प्रकार. प्रत्यक्षात बांधणाऱ्यांना भाराचे गणित चांगले ठाऊक होते. सिंहद्वाराच्या सुमारे २० टनी कपाळपट्टीवर त्यांनी त्रिकोणी पोकळी राखली, जेणेकरून वरच्या भिंतीचे वजन दोन्ही बाजूंच्या खांबांकडे वळावे, आणि ती पोकळी झाकण्यासाठी तुलनेने पातळ शिळा बसवली. ज्या सिंहांमुळे त्या दाराला नाव मिळाले, ते या झाकणावरच कोरलेले आहेत.