टोमॅटोचं रोप खोल लावा

रोपं 4-5 आठवड्यांची झाली, चार-सहा खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतर येणारी) आली की हलवायला हरकत नाही. त्याआधी आठवडाभर त्यांना रोज थोडं थोडं ऊन दाखवा. सावलीतलं रोप एकदम उन्हात गेलं की पानं पांढरी पडतात.

आता मुख्य गोष्ट. खालची पानं खुडा आणि खोड वरच्या पानांपर्यंत मातीत जाऊ द्या. गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. वांगी-मिरचीला मात्र इतकं खोल लावू नका. रोप उचलताना पानाला धरा, खोडाला कधीच नाही. पान गेलं तर दुसरं येतं. लावणी संध्याकाळीच करा, लगेच पाणी द्या. आधाराची काठीही तेव्हाच रोवा, नंतर मुळं दुखावतात.