भारतात कधीच छळ झाला नसताना बेने इस्रायली कुटुंबांनी इस्रायलला जाण्याचा निर्णय का घेतला? तो घरात कसा घेतला जात असे? आणि अजूनही लोक जातात का?

आपण प्रश्नात धरून चाललेली गोष्ट बरोबर आहे. कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे आम्हा बेने इस्रायलींना, धर्मापायी गाव सोडावे लागले असे कधी घडले नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमची वस्ती वाढली, अशी आमच्यात परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. तिच्यात इतिहास किती हा वाद बाजूला ठेवला तरी आम्ही तिथे शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवत होतो, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून शेजारी आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे आम्हाला गावांनीच दिली. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक ज्यू होते. २००१ मध्ये ते पाच हजारही उरले नाहीत. मधल्या काळात दंगल नाही, हाकलून देणे नाही; त्यामुळे बहुतेक जण ‘पूर्वजांच्या भूमीची ओढ’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे.

ओढ होतीच. पेसाह सणाच्या रात्री ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’ असे आम्ही म्हणत आलो आहोत. परंतु असे म्हणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या रेवदंड्याहून फार तर मुंबईपर्यंत गेली. तिथे कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाली, १७९६ मध्ये मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी पहिले सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, बांधले, आणि पुढे रेल्वे, टपाल, कस्टम्स, इस्पितळे, शाळा यांत आमची माणसे स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर नेमकी हीच बाजू नाजूक वाटू लागली. इंग्रज साहेबाच्या शिफारशीवर लागणाऱ्या नोकऱ्यांचे दिवस संपले होते, आणि एवढ्याशा समाजाच्या मुलांना यापुढे कोण विचारणार, ही काळजी घराघरांत बोलून दाखवली जाई. ती काळजी कितपत खरी ठरली असती हे सांगता येणार नाही. जे राहिले त्यांचे काही वाईट झाले नाही. पण निर्णय घेताना माणसाच्या हाताशी फक्त काळजीच असते.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. पहिल्या काही वर्षांत गेलेल्यांचा अनुभव कडवट होता. त्यांना बीरशेबासारख्या वाळवंटातल्या नव्या वस्त्यांत पाठवले गेले, इंग्रजीत टिपणे लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती फावडे आले, आणि रंगावरून वेगळी वागणूक मिळते अशा तक्रारी झाल्या. काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना भारतात परत पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण नंतर पुन्हा इस्रायललाच गेले. त्याहून मोठा घाव १९६२ मध्ये बसला. लग्न लावण्यापूर्वी बेने इस्रायली व्यक्तीच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात, असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने काढला. ज्यांच्या ज्यू असण्याविषयी कोकणात कोणाला शंका नव्हती, त्यांना ज्यूंच्याच देशात ते सिद्ध करावे लागणार होते. यरुशलेममध्ये मोठे आंदोलन झाले, ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, आणि त्यानंतर आदेशातून आमचे नाव वगळले गेले.

आता आपल्या प्रश्नाचा खरा गाभा. एवढे सगळे मुंबईत कळत होते, वर्तमानपत्रांत येत होते, पत्रांतून येत होते. तरीही भारतातली ज्यूंची संख्या सर्वांत वेगाने घटली ती १९६१ ते १९७१ या दशकातच: सुमारे अठरा हजारांवरून सहा हजारांच्या आत. अपमानाची बातमी येत असताना लोक अधिक संख्येने का निघाले? माझ्या मते याचे कारण असे की तोवर प्रश्न ‘तिथे जावे का’ असा राहिलाच नव्हता, तर ‘इथे मागे कोण उरणार’ असा झाला होता.

हे आमच्याच घराच्या उदाहरणाने सांगतो. आजोबा रेल्वेत होते आणि आम्ही ठाण्याचे. सर्वांत आधी आत्या गेली, कारण तिच्यासाठी सांगून आलेले स्थळ इस्रायलमधल्या लोदचे होते. समाज लहान, नात्यागोत्यात अडकलेला. लग्नाच्या वयाची मुले तिकडे गेली की इकडच्या मुलींसाठी स्थळे कमी होत, त्या गेल्या की धाकट्या भावांसाठी. आत्यानंतर दोन काका गेले. आजोबांनी निवृत्त होईपर्यंत थांबायचे ठरवले आणि फंडाची रक्कम हातात आल्यावर तेही निघाले. आजीला जायचे नव्हते. परंतु पाचांपैकी तीन मुले तिकडे असताना तिच्या नाही म्हणण्याला फारसे वजन राहिले नव्हते. या संपूर्ण काळात धर्मावर किंवा राजकारणावर घरात एकदाही मोठी चर्चा झाल्याचे वडिलांना आठवत नसे. चर्चा व्हायची ती खोली कोणाच्या नावावर करायची, दागिने किती नेता येतील आणि धाकट्याची मॅट्रिक होऊ द्यायची की नाही, यावर.

गावांकडे आणखी एक कारण होते. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. एखाद्या गावात ज्यूंची बारा घरे असली आणि त्यांतली पाच गेली, तर उरलेल्यांना शब्बाथची, म्हणजे शनिवारची, प्रार्थना एकत्र करणेही अवघड होते. मग तीही घरे मुंबईला किंवा थेट इस्रायलला जातात. रायगड जिल्ह्यातल्या अनेक सिनेगॉगना आज सणावारी बाहेरून माणसे येतात तेव्हाच जाग येते. ज्यांना एरवी अजिबात जायचे नव्हते अशा भाविक वृद्धांना या एका गोष्टीने बाहेर काढले; ‘ओढ’ म्हणून जे सांगितले जाते त्यात या रिकामेपणाचा वाटा मोठा आहे.

अजूनही लोक जातात का, असेही आपण विचारले आहे. जातात, पण तुरळक. परतीच्या कायद्याच्या १९७० च्या दुरुस्तीनुसार ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांनाही हा हक्क आहे. मात्र तिथे लग्ने धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत असल्यामुळे, ज्याची आई ज्यू नाही अशा नातवाला नागरिकत्व मिळते, पण रब्बींपुढे लग्न लावता येत नाही. ही गोष्ट जाण्यापूर्वी नीट समजून घ्यावी, कारण फॉर्म भरताना ती कोणी आपणहून सांगत नाही. कागदपत्रांत केतुबा, म्हणजे आईवडिलांचा विवाहलेख, आणि सिनेगॉगचे पत्र महत्त्वाचे. पोहोचल्यावर सुरुवातीचे काही महिने सरकारी भत्ता आणि हिब्रूचे वर्ग मिळतात, तरुणांना वयानुसार लष्करी सेवा लागू होते, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने इथला पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांसाठीचे, कार्ड घ्यावे लागते. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने जाणे पुढे ढकलले, तर दुसऱ्याने, ज्यांची मुलगी इस्रायलमधल्या अश्दोदला असते, उलट घाई केली.

आमच्या घरातून माझे वडील आणि एक काका राहिले. वडिलांची बँकेतली नोकरी चांगली होती आणि आईला ठाणे सोडायचे नव्हते. राहण्यामागे याहून मोठे कारण नव्हते.