हँडेलचा 'जुलिओ चेझारे' हा ज्युलियस सीझर आणि क्लिओपात्रावरचा ऑपेरा व्हिडिओवर पहिल्यांदा बघताना कंटाळा येऊ नये म्हणून काय करावं?

इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवाचा २००५ चा प्रयोग घ्या. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर, संगीतसंचालक विल्यम क्रिस्टी. पूर्ण ऑपेरा चार तासांच्या आसपास जातो, म्हणून एका संध्याकाळी एकच अंक. अंक तीन आहेत.

लोक कंटाळतात ते बहुतेक 'दा कापो' आरियांमुळे, म्हणजे पुन्हा सुरुवातीकडे येणाऱ्या एकल गाण्यांमुळे. पहिला भाग, वेगळ्या भावाचा छोटा दुसरा भाग, मग पुन्हा पहिला. शब्द तेच असल्याने सबटायटल्स थांबतात आणि प्रेक्षक पुढे ढकलतो. नेमकं तिथेच ढकलू नका! परतीच्या भागात गायक नवे अलंकार घालतो, ख्यालात मुखड्याकडे प्रत्येक वेळी नव्या वाटेनं यावं तसं. कथानक मात्र हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्याच्या साथीच्या संवादगायनात सरकतं. तिथे सबटायटल्स नीट वाचा.

सीझर स्त्री गाते, सारा कॉनॉली. १७२४ साली लंडनमध्ये ही भूमिका सेनेसिनो या कास्त्रातो (लहानपणी खच्चीकरण केल्यानं उंच आवाज टिकलेल्या) गायकाची होती, त्यामुळे आवाजाची पट्टी तशीच राहते.

आधी दोन जागा बघा. पहिल्या अंकात 'वा ताचितो': सीझर आणि क्लिओपात्राचा भाऊ, इजिप्तचा राजा टॉलेमी वरवर सौजन्यानं एकमेकांना जोखतात, सोबत एकटा हॉर्न. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला 'व्हादोरो पुपिल्ले': वेषांतर केलेली क्लिओपात्रा सीझरला जिंकते. प्रेम आणि सत्ता इथे वेगळी काढताच येत नाहीत.

क्लिओपात्रा झालेल्या डॅनिएल द नीसच्या नाचात हिंदी सिनेमाची छाप दिसेल. मॅकव्हिकरनं गोष्ट ब्रिटिश साम्राज्याच्या काळात नेली आहे, म्हणून ती शोभते.

टीव्हीच्या स्पीकरवर थिऑर्बो, म्हणजे लांब मानेचं खर्जाचं तंतुवाद्य, जवळपास हरवतो. हेडफोन लावा.