आडेलहाइट या जुन्या जर्मन नावाचा अर्थ काय? हे नाव आजही ठेवतात का?

नाव दोन भागांचं आहे. 'आडेल' म्हणजे कुलीन, खानदानी. 'हाइट' म्हणजे प्रकार, वृत्ती. थोडक्यात, 'कुलीन वृत्तीची'. हा 'हाइट' आजच्या जर्मनमध्ये भाववाचक प्रत्यय म्हणून उरलाय, आपल्या '-पणा'सारखा.

मध्ययुगात हे राजघराण्यांचं आवडतं नाव होतं. सम्राट पहिला ऑटो याची पत्नी आडेलहाइट हिला 962 मध्ये रोममध्ये पतीसोबतच सम्राज्ञीचा मुकुट मिळाला. पुढे चर्चने तिला संतपदही दिलं.

आता जर्मनीत हे आजीच्या पिढीचं नाव वाटतं, नवजात मुलींना क्वचितच ठेवतात. पण त्याचं लाडकं रूप 'हायडी' मात्र जगभर पोचलं. आल्प्समधल्या त्या प्रसिद्ध बालकादंबरीतल्या हायडीचं पाळण्यातलं नाव आडेलहाइटच, आणि फ्रँकफुर्टच्या घरातली करडी बाई तिला हट्टाने त्याच नावाने हाक मारते! 'अडेल' हेही याच कुळातलं.

क्रिकेटवाल्यांसाठी: ॲडलेड शहराचं नाव इंग्लंडच्या राजाला दिलेल्या जर्मन राजकन्येवरून, 1836 मध्ये पडलं. तेच हे नाव, फ्रेंच वळणाचं. आपल्याला तिथला भारताचा 36 धावांवर संपलेला डाव आठवतो, तो भाग वेगळा.