उभ्या ट्रॉलीला धडकलो, म्हणून चूक माझीच?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी रात्री निपाणी-चिक्कोडी रस्त्यावर माझी मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. माझी मांडी मोडली, रॉड घातलाय. मी गवंडी आहे. मागे बसलेल्या चुलतभावाचा हात मोडला. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, 'धडकलात तुम्ही, हेल्मेटही नव्हतं, दोन लाखांत मिटवा.' भावाने कन्नड फिर्याद न वाचताच सही केली. ट्रॅक्टर कागलकडचा आहे. केस कोल्हापुरात टाकली तर जास्त मिळतील का?

उत्तर: त्या दोन लाखांच्या कागदावर सही करू नका.

आधी कोल्हापूरचं सांगतो, कारण हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. सीमा ओलांडली म्हणून कुणाची चूक किती, हा हिशोब बदलत नाही. ट्रॅक्टरमालक तिकडचा असल्याने दावा तिकडेही चालेल. पण पोलीस, पंच, डॉक्टर सगळे इकडचे. कुबडी घेऊन कोल्हापूरला कशाला हेलपाटे घालता?

आता चूक कुणाची? तुमची थोडीफार चूक निघाली तरी दावा बुडत नाही, तेवढाच वाटा कापला जातो. भरपाई १० लाख ठरली आणि तुमची चूक २५ टक्के धरली, तर साडेसात लाख हातात पडतात. रस्त्यावर धोका होईल असं वाहन उभं करणं कलम १२२ खाली गुन्हा आहे. तरी 'वेग किती होता, दिवा चालू होता का' हे तुम्हाला विचारतीलच, तेव्हा थोडी कपात धरून चला.

हेल्मेट नव्हतं त्याचा दंड वेगळा. पण हेल्मेट डोक्याला घालतात, मांडीला नव्हे. अपघाताशी किंवा जखमेशी संबंध नसलेल्या नियमभंगाचे पैसे कापायचे नसतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात हेच सांगितलं.

भावाने न वाचता सही केलेल्या फिर्यादीत काही चुकीचं लिहिलं असलं, तरी घाबरू नका. भाऊ कोर्टात साक्ष देऊन काय घडलं ते सांगू शकतो. पंचनाम्याची नक्कल काढून कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यात रिफ्लेक्टरचा उल्लेख आहे का, एवढंच आधी बघा. नसेल, तर त्या रात्री कुणीतरी मोबाईलवर फोटो काढलाच असेल. ट्रॉलीची मागची फळी दिसणारा एक फोटो तुमच्या अर्ध्या केसइतका मोलाचा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींच्या आरसी व विम्याच्या नकला मागा. ट्रॉलीचा विमा नसला की कंपनी पैसे द्यायला तिथेच अडून बसते.

डॉक्टर पायाचं अपंगत्व समजा २० टक्के लिहितील. पण परांचीवर चढता येत नसेल, तर गवंड्याचं नुकसान त्याहून मोठं असतं. टक्का पायाचा नाही, कमाईचा बघायचा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालात ठरलंय. मुकादमाला साक्षीला आणा.

भावाचा दावा वेगळा टाका. तो गाडी चालवत नव्हता, त्यामुळे तुमच्या चुकीपायी त्याचा पैसा कापला जात नाही.

अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. तुमचे दोन गेले.