व्हिसा नाकारला, म्हणून सहलीचे सगळे पैसे बुडतात का?

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे आणि दोन मुले, फेब्रुवारीत नॉर्वेच्या हेमसेदालला स्कीइंगसाठी जाणार होतो. मुंबईच्या टूर कंपनीला 6 लाख 40 हजार भरले. व्हिसाचे कागद कंपनीनेच केले, तरी व्हिसा नाकारला गेला. कंपनी म्हणते, निघायला 20 दिवसच उरलेत, त्यामुळे पूर्ण रक्कम कापणार. दावाही मुंबईतच करायचा. आम्ही नाशिकला राहतो. काय करावे?

उत्तर : कंपनीच्या अटी तूर्त बाजूला ठेवा आणि व्हिसा नाकारल्याचे पत्र वाचा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या, त्या छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते. ती खर्चासाठी पुरेसा पैसा नसल्याच्या कारणापुढे असती, तर तुमची बाजू लंगडी पडली असती. तुमच्या प्रतीत ती मुक्कामाचा हेतू आणि तपशील पटले नाहीत, या कारणापुढे आहे. आणि कंपनीने जोडलेल्या अपार्टमेंटच्या बुकिंगवर नावे दोघांचीच. मुले राहणार कुठे, हे वकिलातीला कळावे कसे? सेवेतील त्रुटी म्हणतात ती हीच. हा कागद जपून ठेवा.

कंपनीची चूक नसती, तरी सरसकट सगळे पैसे गिळता येत नाहीत. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते. करारातला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तेव्हा लेखी नोटीस देऊन हिशेब मागा : विमान तिकिटांचा परतावा किती आला, अपार्टमेंटवाल्याने किती ठेवले, ती जागा दुसऱ्या कुणाला दिली का? फेब्रुवारीत नॉर्वेतल्या शाळांना हिवाळी सुट्टी लागते आणि तिथली कुटुंबे डोंगरात स्कीइंगला जातात. अशा हंगामात जागा रिकामीच राहिली म्हणता, तर दाखवा पावत्या!

‘फक्त मुंबई न्यायालय’ या अटीला भिऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे, शुल्क 200 रुपये. मात्र तक्रार त्रुटीवरच उभी करा. ‘अनुचित करार’, म्हणजे कराराच्या अटीच अन्यायाच्या आहेत, हा मुद्दा राज्य आयोगाच्या कक्षेत येतो. तो पुढे केलात, तर अधिकारक्षेत्राची हरकत घ्यायला कंपनीला आयती संधी.

व्हिसा नाकारल्याविरुद्ध तीन आठवड्यांत अपील करता येते, पण निकालापर्यंत फेब्रुवारी उलटेल. ईस्टरला जायचे असेल, तर चौघांच्या नावांचे बुकिंग जोडून नवा अर्ज करा. गेलेले व्हिसा शुल्क वकिलात परत करत नाही, ते कंपनीकडून मागा.

मध्येच कंपनी पुढच्या वर्षीसाठी क्रेडिट नोट देऊ करील. सोबतच्या कागदावर ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द दिसले, तर सही करू नका.